पुरुषाच्या तक्रारीला कलम कोणतं?

२०२५ च्या पावसाळ्यात लागोपाठ दोन बातम्या आल्या. मुंबईतल्या एका नावाजलेल्या शाळेतली ४० वर्षांची शिक्षिका, आरोप १६ वर्षांच्या विद्यार्थ्यावर लैंगिक अत्याचाराचा. पाठोपाठ इकडे नवी मुंबईत कोपरखैरणे पोलिसांनी एका शिक्षिकेला अटक केली. अल्पवयीन विद्यार्थ्याला अर्धवट कपड्यांत व्हिडिओ कॉल करत असल्याचा आरोप. खरंखोटं न्यायालय ठरवेल, त्यावर मला काही म्हणायचं नाही. म्हणायचंय ते या बातम्या ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ज्या तऱ्हेनं फिरल्या त्याबद्दल. ‘आमच्या वेळेला अशा बाई का नव्हत्या?’ हा एकच विनोद किमान चार काकांनी आपापला म्हणून टाकला, आणि त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात बायकाही होत्या.

वर्षभर आधी याच जिल्ह्यात, २० ऑगस्ट २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले आणि तासन्‌तास लोकल बंद पडली. तेव्हा हेच ग्रुप संतापानं पेटले होते. मुलांसाठीही रूळ अडवा असं मी म्हणत नाही. पण तेव्हा मुठी आवळणारे हात वर्षभरानं टाळी द्यायला पुढे आले, तेही पीडित शाळकरी असताना. हा फरक फक्त मुलगा आणि मुलगी यातून येतो, दुसरं कुठलंही कारण मला सापडलं नाही.

शाळकरी मुलाच्या पाठीशी निदान कायदा तरी आहे. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, मुलगा-मुलगी भेद करत नाही. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात बालक, आणि गुन्हा करणारी ‘व्यक्ती’. ती व्यक्ती बाई असू शकते का, यावर वकिलांनी व्याकरणाची खुसपटं काढून पाहिली. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये ती मोडीत काढली: हो, असू शकते, गंभीर कलमांखालीसुद्धा. आणि मुलग्यांचं प्रमाण नगण्य म्हणावं तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून केलेला अभ्यास उघडून बघावा. लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगणारी मुलं ५३.२२ टक्के होती, आणि त्यांच्यात मुलगे निम्म्याहून किंचित जास्त, ५२.९४ टक्के. हा आकडा येऊन इतकी वर्षं झाली, तरी ‘मुलाला काय होतंय’ म्हणत त्याला एकट्याला क्लासला, ट्रेकला, शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवणं चालूच आहे. या मुलांना छळणाऱ्यांत बहुतेक पुरुषच असतात, हेही इथेच सांगून टाकते. बायका कमी असतात. कमी म्हणजे नसतातच, असं मात्र नाही.

खरी अडचण अठराव्या वाढदिवसानंतर सुरू होते.

एक प्रसंग कल्पून पाहू. सांगलीकडचा २४-२५ वर्षांचा मुलगा, ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला, घणसोलीत तिघांत मिळून भाड्याची खोली. प्रोबेशन संपायला थोडे दिवस उरलेत आणि त्याला कायम करायचं की नाही हे ज्यांच्या हातात आहे त्या मॅडम वयानं मोठ्या, हुद्द्यानं मोठ्या. टीमच्या पार्टीनंतर ‘घरापर्यंत सोड’ म्हणतात. घरी आणखी एक पेला. त्यानंतर त्याला तुटक तुटक आठवतं: अंग जड झालेलं, आपण ‘नको’ म्हटलेलं, आणि सकाळी मोबाइलवर आलेले स्वतःचेच उघडे फोटो, खाली एक ओळ, ‘कुणाला बोललास तर हे तुझ्या आईला’. यात मी काही वाढवून सांगितलेलं नाही. पात्रांची अदलाबदल केली तर ही वर्तमानपत्रात दर आठवड्याला येणारी बातमी आहे.

धरून चालू की या मुलानं अशक्य ते केलं आणि तो रबाळे पोलीस ठाण्यात गेला. ड्युटीवरचा अधिकारी भला आहे, हसला नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं. आता तो लिहिणार काय?

भारतीय न्याय संहितेतलं बलात्काराचं कलम ६३ पुरुषानं बाईवर केलेल्या कृत्यापुरतं आहे. विनयभंगाच्या कलम ७४ मध्ये करणारं कुणीही चालतं, पण पीडित बाई हवी. लैंगिक छळाचं ७५ आणि पाठलागाचं ७८, दोन्हींत आरोपी पुरुष लागतो. चोरून बघण्या-चित्रित करण्याच्या ७७ मध्ये नव्या संहितेनं आरोपीच्या जागी पुरुषाऐवजी ‘जो कोणी’ केलं. जिला पाहिलं ती मात्र बाईच राहिली. उरतं काय? अंगाशी बळजबरी केल्याचं कलम १३१: तीन महिने किंवा हजार रुपये दंड, आणि तेही अदखलपात्र, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत एनसी. पोलीस ठाण्यात मोबाइल हरवल्याच्या अर्जाला जी किंमत, तीच हिला. अप्रतिष्ठा करण्याच्या हेतूनं हल्ला, कलम १३३, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण तीही एनसीच. फोटोंसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई आहे, ते कुणालाही लागू होतं. धमकीचं कलम आहे. आणि गंमत बघा, पेल्यात गुंगीचं औषध घातल्याचं सिद्ध झालं तर कलम १२३ आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि तिथे औषध पिणारा कुणीही चालतो. म्हणजे औषध मिसळल्याबद्दल दहा वर्षं, आणि ज्यासाठी मिसळलं त्याबद्दल एनसी.

कलम नसण्याचा अर्थ शिक्षा नसणं एवढाच असता तरी एक वेळ सोसलं असतं, कारण शिक्षा तशीही दहा वर्षांनी होते नाहीतर होत नाही. पण आपल्या कायद्यात पीडिताला मिळणारा प्रत्येक आधार कलमाच्या आकड्याला टांगलेला आहे. बलात्काराच्या कलमांखालच्या पीडितेची ओळख छापणं हा कलम ७२ प्रमाणे गुन्हा; या मुलाचं नाव मात्र उद्या गावासकट छापून आलं तर संपादकाला कुणी हात लावू शकत नाही. बंद दाराआडची सुनावणी त्या कलमांना आणि पॉक्सोला मिळते, याला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३९७ प्रमाणे कुठल्याही सरकारी-खाजगी रुग्णालयानं लैंगिक अत्याचाराच्या पीडितांवर मोफत, ताबडतोब उपचार करायचे असतात, तिथेही पुन्हा तेच आकडे. वैद्यकीय तपासणीचं १८४ तर सरळ बाईबद्दलच बोलतं. वाशीच्या महापालिका रुग्णालयात हा मुलगा गेला तर डॉक्टरनं नमुने घ्यायचे ते कशाच्या आधारावर? एक आधार आहे, पण तो कायद्याचा नाही. आरोग्य मंत्रालयानं २०१४ मध्ये लैंगिक हिंसेच्या पीडितांच्या तपासणीची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पुरुष आणि तृतीयपंथी पीडितांचाही विचार आहे. डॉक्टरांच्या पुस्तकात तो आहे, पोलिसांच्या पुस्तकात नाही.

राहिली कंपनी. अशा कंपन्यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बरीच वर्षं बसते आहे, त्यामुळे इथलं मला आतून माहीत आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार ‘पीडित महिला’च. काही कंपन्यांनी आपल्या धोरणात सर्व कर्मचाऱ्यांना तक्रारीचा हक्क दिला आहे, ते चांगलंच केलं. पण ते कंपनीच्या मर्जीवर, आज आहे आणि उद्या मालक बदलला की नाही. बहुतेक ठिकाणी अशा मुलाला ‘एचआरशी बोल’ म्हणून पाठवतात. एचआर म्हणजे पुष्कळदा त्याच मॅडमची मैत्रीण. गंमत म्हणजे हाच मुलगा वर्षभरापूर्वी कॉलेजात असता तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत पुरुष विद्यार्थीही असुरक्षित असू शकतात, हे स्वच्छ मान्य केलेलं आहे. पदवी घेऊन बाहेर पडला आणि तेवढंही संरक्षण मागे राहिलं.

मी जी प्रशिक्षणं घेते त्यांत एक प्रश्न हमखास येतो. मागच्या रांगेतून, शेजारच्याला कोपरखळी देत: ‘मॅडम, आणि आमच्यावर झालं तर?’ सगळी खोली हसते. सुरुवातीला मीही हसून पुढे जात असे, आता तिथे थांबते. पुरुषाला हा प्रश्न विचारायची परवानगी फक्त विनोद म्हणूनच आहे. गंभीर चेहऱ्यानं विचारला तर पुढचा प्रश्न त्यालाच येणार. तेव्हा हसणाऱ्या दहांत एखादा खरंच उत्तर मागत असेल असं धरूनच मी बोलते, आणि वर दिलेली कलमं तशीच वाचून दाखवते. हसू कलम १३१ च्या हजार रुपयांपाशी थांबतं.

हे सगळं विसरभोळेपणानं झालं असतं तर माफ करता आलं असतं. पण संसदेसमोर हा प्रश्न पुन्हा पुन्हा येऊन परत गेला आहे. विधी आयोगाच्या १७२ व्या अहवालानं २००० सालीच बलात्काराच्या जागी स्त्री-पुरुष भेद न करणारं ‘लैंगिक हल्ला’ हे कलम सुचवलं. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर बसलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं, की आरोपी पुरुषच ठेवा, पण पीडित कुणीही असू शकतो हे कायद्यानं ओळखावं. ३ फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकमानं उडी मारून दोन्ही बाजू खुल्या केल्या, म्हणजे आरोपीही कुणी आणि पीडितही कुणी. महिला संघटनांनी विरोध केला आणि एप्रिलमधल्या कायद्यात गाडी पूर्ववत रुळावर आली. वर्मा समितीचा मधला मार्ग कुणालाच आठवला नाही. २०१९ मध्ये राज्यसभेत के. टी. एस. तुलसी यांनी खाजगी विधेयक मांडलं, ते खाजगी विधेयकांचं होतं तेच झालं.

तोवर सज्ञान पुरुषाला एक मोडका आसरा होता: जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७. इंग्रजांनी घातलेलं, समलिंगी माणसांना छळण्यासाठी वापरलेलं वाईट कलम. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं नवतेजसिंग जोहर खटल्यात त्यातून सहमतीचे संबंध वगळले, आणि बळजबरीपुरतं ते शिल्लक ठेवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते अख्खंच गाळलं गेलं. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनं २०२३ मध्येच सांगितलं होतं, की पुरुषांवरच्या बळजबरीसाठी काहीतरी ठेवा. ठेवलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं केंद्राला यावर निर्णय घ्यायला सांगितलं. बाईनं केलेल्या बळजबरीला ३७७ चा तसाही फारसा उपयोग नव्हता, पण आता पुरुषानं पुरुषावर केलेला बलात्कारही या देशात बलात्कार नाही. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात लैंगिक छळाला कमाल शिक्षा दोन वर्षं. त्या अन्यायावर वेगळा लेख लिहावा लागेल.

आता मूळ आक्षेपाकडे येते. तो चारचौघांत कुणी बोलत नाही, पण मनात प्रत्येकाच्या असतो: पुरुषाची इच्छा नसेल तर ते शक्यच कसं आहे?

शक्य आहे, आणि यात वादाला फारशी जागा नाही. ताठरता हा प्रतिक्षेप आहे. कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीजवळच्या मज्जातंतूंमधून तो चालतो. मज्जारज्जूला वर कुठेतरी इजा होऊन कमरेखालची जाणीवच गेलेल्या पुरुषातही तो स्पर्शानं होतो, आणि झोपेत तर धडधाकट पुरुषांतही रोज होतो. १९८२ मध्ये सॅरेल आणि मास्टर्स या अमेरिकी संशोधकांनी बायकांनी अत्याचार केलेल्या ११ पुरुषांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. भीती, संताप, अपमान सगळं एकाच वेळी अंगात असताना शरीरानं प्रतिसाद दिला होता. त्या प्रतिसादानंच त्यांना पुढे वर्षानुवर्षं पोखरलं: आपलंच शरीर फितूर झालं म्हणजे आपल्याला हवंच असणार. अत्याचार झालेल्या बाईच्या शरीरातही अनैच्छिक प्रतिसाद येऊ शकतो, आणि म्हणून तिची संमती होती असं आज कुठल्या वकिलानं म्हटलं तर न्यायाधीश त्याला गप्प करतील. पुरुषाच्या बाबतीत शास्त्र तेच आहे, फक्त गप्प करणारं कुणी नाही.

दुसरा आक्षेप याचाच भाऊ: एवढा धडधाकट गडी, ढकलून दिलं का नाही?

हा प्रश्न महाराष्ट्रानं आधी ऐकलेला आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही, झटापटीच्या खुणा नाहीत; म्हणून संमती. १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, मुंबई-पुण्यापासून बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कलम ६३ च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून बाईची संमती होती असं धरायचं नाही. माणूस भीतीनं गोठतो, हे आपल्या कायद्याला मथुरामुळे कळलं. नोकरी देणाऱ्यापुढे, पोलिसापुढे, घरातल्या वडीलधाऱ्यापुढे दिलेला होकार होकार नसतो, नशेतला होकार होकार नसतो, हे सगळं ज्ञान बायकांनी चाळीस-पन्नास वर्षं लाठ्या आणि टोमणे खाऊन कमावलेलं आहे. ऐरोलीतल्या त्या मुलाला आज नेमकं हेच हवं आहे. त्याच्या बाजूनं बोलायला दुसरी भाषा शोधावी लागणार नाही. ती तयार आहे.

म्हणूनच पुरुष हक्कांच्या नावानं चालणाऱ्या मंडळींचा मला राग येतो. पुरुष पीडितांची आठवण त्यांना कधी येते? बाईच्या तक्रारीची बातमी आली की. ‘आणि पुरुषांवर होतात त्याचं काय?’ हे विचारून त्यांना बाईला गप्प करायचं असतं. त्या पुरुषाची चौकशी करायला कुणी जात नाही. कोपरखैरण्याच्या बातमीखाली त्यांच्यातले किती जण त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले, ते आपापल्या फोनवर तपासून बघा. ‘खोट्या केसेस’ ही त्यांची खरी तक्रार आहे आणि पुरुष पीडित हा तिला लावलेला मुखवटा. त्यात पुरुषाला ‘नामर्द’ म्हणणारा पहिला आवाजही बहुतेक वेळा पुरुषाचाच असतो.

तरीही महिला संघटनांच्या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवं, कारण तो खरा आहे. कायदा दोन्हीकडून सरसकट खुला केला, तर बाईनं तक्रार केली की दुसऱ्या दिवशी आरोपी उलट तक्रार टाकणार: माझ्यावरच तिनं केला. घरगुती हिंसेच्या प्रकरणांत हे डाव आम्ही पाहिलेले आहेत; ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात एक दुपार घालवली तरी दिसतात. पैसा, वकील आणि ओळखी बहुतेक वेळा त्याच्याच बाजूला असतात, आणि पोलीस ‘दोघांचीही घेतली, आता मिटवा’ म्हणून मोकळे. बाई मिटवते. २०१३ मधला विरोध या अनुभवातून आला होता आणि तो चुकीचा नव्हता.

पण या आक्षेपाचं उत्तर पुरुषाला काहीच न देणं हे नाही. उत्तर वेगळ्या कलमात आहे. इंग्लंडच्या २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात बलात्काराचं पहिलं कलम पुरुष आरोपीपुरतंच ठेवलं आहे. चौथं कलम निराळं: एखाद्या व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय लैंगिक कृती करायला लावणं. त्यात आरोपी कुणीही, पीडित कुणीही, आणि प्रवेश झाला असेल तर कमाल शिक्षा बलात्काराइतकीच, जन्मठेप. बाईनं पुरुषाला जबरदस्तीनं आपल्यात प्रवेश करायला लावलं तर ते या कलमात येतं. त्याला बलात्कार म्हणत नाहीत याबद्दल तिथल्या अभ्यासकांत नाराजी आहे. मला त्या नाराजीत आपल्याकडे वेळ घालवायचा नाही. आधी एफआयआर होऊ दे.

तसं कलम आपल्याकडे आणायचं तर ६३ ला बोटही लावावं लागत नाही. सोबत दोन अटी घालता येतील. बाईच्या तक्रारीनंतर त्याच घटनेबद्दल आलेल्या उलट तक्रारीचा तपास स्थानिक ठाण्याकडे न ठेवता वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्यायचा. आणि संमतीची व्याख्या, ओळख लपवण्याचं ७२, बंद सुनावणी, मोफत उपचार, हे सगळं नव्या कलमाला जसंच्या तसं जोडायचं. बाईचं एकही संरक्षण यात कमी होत नाही. उलट काही ठिकाणी वाढतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला होता: नवरा अत्याचार करत असताना त्याची बायको तिथे आली, पीडितेनं तिच्याकडे मदत मागितली, तर तिनं पीडितेला थप्पड मारली, दार ओढून घेतलं आणि निघून गेली. न्यायालयानं सांगितलं, बाईवर सामूहिक बलात्काराचा आरोप ठेवताच येत नाही. बाई लैंगिक गुन्हेगार असूच शकत नाही या समजाचा फटका तिथे एका बाईलाच बसला.

‘पण असे पुरुष आहेत किती?’ हा शेवटचा अडसर. आपल्याकडे कळायला मार्गच नाही, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग कलमावार मोजतो आणि कलमच नाही. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१० च्या पाहणीत प्रश्न वेगळा करून विचारला, की तुम्हाला कुणी जबरदस्तीनं प्रवेश करायला लावलं का. आयुष्यात कधीतरी ‘हो’ म्हणणारा २१ पुरुषांमागे एक निघाला, आणि अशांतल्या ७९ टक्क्यांनी करणाऱ्या फक्त बायका होत्या असं सांगितलं. त्याच पाहणीत बलात्कार सोसलेली बाई जवळपास पाचांत एक होती. हे दोन आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. तिकडचे आकडे उचलून इकडे लावता येत नाहीत हे मला समजतं; पण प्रश्न विचारला की उत्तरं येतात, एवढं त्यावरून दिसतं. आपण विचारलेलाच नाही. आणि विचारला तरी पुष्कळ पुरुष पहिल्यांदा ‘नाही’च म्हणतील, कारण चौदाव्या वर्षी शेजारच्या मोठ्या बाईनं जे केलं त्याला ते आजही मित्रांत ‘पहिला अनुभव’ म्हणून सांगतात आणि वर बढाई मारतात. त्या बढाईआड काय आहे हे समुपदेशकाच्या खोलीत बाहेर येतं, तेही दारू किंवा मोडलेलं लग्न या निमित्तानं आल्यावर. ठाण्याला यात एक फायदा आहे. १९९० पासून इथे आयपीएचसारखी संस्था मनाच्या आजारांवर उघडपणे बोलते आहे, मनाबद्दल ऐकायला या शहरात सभागृहं भरतात. या श्रोत्यांना हा विषय जड जाणार नाही. आयोजकांनी ठेवायला हवा.

दिल्लीत कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. कंपन्यांना धोरण बदलायला संसद लागत नाही; ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ज्या कंपन्या बाहेरच्या देशांत स्त्री-पुरुष दोघांच्याही तक्रारी घेतात, त्यांनी इथेही घ्याव्यात. पोलीस आयुक्त ठाण्यांना एवढं परिपत्रक काढू शकतात, की सज्ञान पुरुष अशी तक्रार घेऊन आला तर एनसीवर न भागवता १२३, धमकी, कोंडून ठेवणं, ६६ई यांतलं जे दखलपात्र बसतं ते लावून एफआयआर करावी, २०१४ च्या तत्त्वांप्रमाणे तपासणीला पाठवावं आणि नाव पत्रकारांना देऊ नये.

आणि मनोधैर्य योजना. २०१३ च्या गांधी जयंतीला महाराष्ट्रानं ती सुरू केली. बलात्कार, बालकांवरचे अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या महिला व बालकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दहा लाखांपर्यंत मदत, समुपदेशन आणि उपचार. १७ वर्षांच्या मुलाला ती मिळते, १९ व्या वर्षी नाही. ही राज्याची योजना आहे, राज्याच्याच शासन निर्णयावर चालते, तिच्यात सज्ञान पुरुष आणि तृतीयपंथी पीडितांना घ्यायला राष्ट्रपतींची सही लागत नाही. मंत्रिमंडळाच्या एका बैठकीचं काम आहे. ठाणे जिल्ह्यातून विधानसभेवर १८ आमदार जातात. नागपूरच्या अधिवेशनात त्यांतल्या एकानं जरी हा तारांकित प्रश्न टाकला, तर महिला व बालविकास खात्याला उत्तर द्यावं लागेल: पुरुष पीडितांना या योजनेत का घेतलेलं नाही, आणि घ्यायचं तर किती खर्च येईल.